घरच्या घरी श्रिंक प्लास्टिकच्या वस्तू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात सुट्टीतल्या शिबिरांतून, हळदीकुंकवाच्या वाणासाठी किंवा स्वतःपुरते कानातले करण्यासाठी श्रिंक प्लास्टिक वापरणाऱ्यांची संख्या वाढत आहे. नव्याने सुरुवात करणारे जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्या टप्प्यांवर काम फसते, त्यांची उत्तरे मुद्दाम सविस्तर ठेवली आहेत.

श्रिंक प्लास्टिक म्हणजे नेमके काय, आणि ते तापवल्यावर लहान का होते?

हे पॉलिस्टायरीन नावाचे प्लास्टिक असते. कारखान्यात त्याची शीट तयार करताना ती गरम आणि मऊ असतानाच लांबीत आणि रुंदीत अशी दोन्ही दिशांना ताणली जाते आणि त्याच ताणलेल्या अवस्थेत झटकन थंड केली जाते. त्यामुळे तिच्यातील लांब साखळ्यांसारखे रेणू ओढलेल्या स्थितीत अडकून राहतात. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंश सेल्सिअसच्या वर मऊ होऊ लागते. त्या तापमानाला या साखळ्या मोकळ्या होतात आणि आपल्या मूळच्या गुंतलेल्या, आखूड अवस्थेकडे परततात. आपल्याला ओव्हनमध्ये दिसणारे आकसणे म्हणजे हेच परतणे होय. या क्रियेत प्लास्टिक कोठेही नाहीसे होत नाही, म्हणून लांबी-रुंदी घटते तशी जाडी वाढते. कागदासारखी लवचीक शीट बाहेर येताना कडक आणि जाड तुकडा होऊन येते, ती यामुळेच.

हा प्रकार आला कोठून?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या ब्रुकफील्ड येथे १९७३ साली बेट्टी मॉरिस आणि केट ब्लूमबर्ग या दोन गृहिणींनी मुलांच्या स्काउट पथकासाठी एक उपक्रम म्हणून तो सुरू केला आणि पुढे ‘श्रिंकी डिंक्स’ या नावाने तो खेळणे म्हणून जगभर पोहोचला. त्याचा उपयोग खेळण्यापुरता राहिला नाही, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधक मिशेल खाइन यांनी हाताशी महागडी प्रयोगशाळा नसताना या शीटवर लेझर प्रिंटरने रेषा छापून ती छोट्या ओव्हनमध्ये आकसवली. शाईच्या रेषा आकसताना उंच झाल्या आणि त्यांवरून अत्यंत बारीक नलिकांचे साचे तयार करता आले. हे संशोधन २००८ साली प्रसिद्ध झाले. शाळेतील विज्ञान प्रदर्शनासाठी विषय शोधणाऱ्या मुलांनी याचा अवश्य विचार करावा.

वस्तू नेमकी किती लहान होईल, हे आधी कसे ठरवावे?

पाकिटावर बहुधा ‘एक तृतीयांश’ असे लिहिलेले असते, परंतु प्रत्यक्षात बहुतेक शीट मूळ लांबीच्या ४० ते ४५ टक्क्यांवर येऊन थांबतात आणि प्रत्येक उत्पादकाच्या शीटमध्ये थोडा फरक पडतो. शिवाय एकाच शीटमध्ये लांबीच्या दिशेने आणि रुंदीच्या दिशेने होणारी घट सारखी नसते. म्हणून नवे पाकीट उघडल्यावर पहिले काम एकच करावे : शीटच्या कोपऱ्यातून दहा सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद असा चौरस कापावा, त्यावर पट्टीने दोन्ही दिशांना सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात, लांबीची दिशा बाणाने दाखवावी आणि तो आकसवून मोजावा. एवढा मोठा तुकडा वाया घालवणे अनेकांच्या जिवावर येते, परंतु पुढच्या सर्व कामाचे माप त्याच्यावरच ठरते. हा तुकडा त्या पाकिटालाच चिकटवून ठेवावा.

समजा, चौरस ४.२ सेंटिमीटरवर आला, तर प्रमाण ०.४२ झाले. तयार कीचेन चार सेंटिमीटरची हवी असेल, तर चार भागिले ०.४२, म्हणजे सुमारे साडेनऊ सेंटिमीटरचे चित्र काढावे लागेल. ए-फोर आकाराच्या शीटवर अशी सहा चित्रे बसतात. जाडीचे गणित थोडे वेगळे आहे. ०.३ मिलिमीटरच्या शीटची लांबी आणि रुंदी दोन्ही ०.४२ पट झाली, तर जाडी ०.४२ च्या वर्गाने भागावी लागते आणि उत्तर सुमारे १.७ मिलिमीटर येते. गोल चिन्ह लंबगोल झाले, अशी तक्रार करणाऱ्यांनी आपल्या चाचणीच्या चौरसाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजून पाहाव्यात. फरक लक्षात येण्याइतका असेल, तर मूळ चित्र कमी आकसणाऱ्या दिशेने तेवढेच कमी लांबीचे काढावे.

कोणती शीट घ्यावी आणि ती कोठे मिळते?

पारदर्शक, एका बाजूने खरखरीत, पांढरी आणि इंकजेट प्रिंटरसाठी खास लेप दिलेली, असे मुख्य प्रकार आहेत. पहिल्या कामासाठी एका बाजूने खरखरीत असलेली शीट सर्वांत सोयीची, कारण तिच्यावर साधी रंगीत पेन्सिलही चालते. ठाण्यात स्टेशनजवळच्या आणि गोखले रोड, राम मारुती रोड परिसरातल्या मोठ्या स्टेशनरी दुकानांत, तसेच वाशीच्या सेक्टर १७ मध्ये आधी चौकशी करावी. कड्या, हुक आणि पक्कड असे दागिन्यांचे सुटे सामान एकदम घ्यायचे असेल, तर मुंबईत भुलेश्वर किंवा अब्दुल रेहमान स्ट्रीटपर्यंत जाणे परवडते. दुकानात विचारताना ‘ओव्हनमध्ये आकसणारी क्राफ्ट शीट’ असे स्पष्ट सांगावे, अन्यथा पॅकिंगसाठी वापरली जाणारी पातळ श्रिंक फिल्म हातात पडते आणि ती या कामाची नाही.

केकच्या किंवा मिठाईच्या डब्याचे पारदर्शक झाकण वापरता येईल का?

तत्त्वतः येईल, पण झाकणाच्या तळाशी त्रिकोणात ६ हा आकडा असेल तरच. १ हा आकडा पीईटीचा असतो आणि आपल्याकडे केक-पेस्ट्रीचे बहुतांश पारदर्शक डबे याच प्लास्टिकचे असतात. ते तापवल्यावर वेडेवाकडे होते, नीट आकसत नाही. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हॉटेलातून भाजी किंवा बिर्याणी ज्या डब्यात येते ते. तेही निरुपयोगी. ३ हा आकडा पीव्हीसीचा आहे आणि ते प्लास्टिक ओव्हनमध्ये कधीही, प्रयोग म्हणूनसुद्धा ठेवू नये, कारण तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू बाहेर पडतो. ज्या डब्यावर आकडाच नाही, तो वापरू नये.

थर्माकोलवरही ६ आकडा असतो, कारण तेही पॉलिस्टायरीनच आहे. मात्र ते हवा भरून फुगवलेले असल्यामुळे तापवल्यावर चोळामोळा होऊन बसते. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून देशभरात एकदा वापरून टाकायच्या अनेक प्लास्टिक वस्तू बंद झाल्या. त्यामुळे ६ क्रमांकाचे सपाट, स्वच्छ झाकण हाती लागणे आता फारसे सोपे राहिलेले नाही. मिळालेच, तर त्याचा फक्त मधला सपाट भाग कापून घ्यावा. कडेचा वळलेला भाग साच्यात असमान ताणलेला असतो आणि तो कोणत्या बाजूला किती ओढला जाईल, हे सांगता येत नाही. ज्यांना भेट देण्याजोगी वस्तू करायची आहे, त्यांनी तयार शीटच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक शीट चालेल का?

नाही. ती पॉलिएस्टरची असते आणि प्रिंटरची उष्णता सहन करता यावी म्हणून कारखान्यातच तापवून स्थिर केलेली असते.

कोणते रंग वापरावेत?

खरखरीत बाजूवर रंगीत पेन्सिल उत्तम चालते. शीट दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असेल, तर ३२० ते ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने एक बाजू आधी आडवी आणि मग उभी हलक्या हाताने घासावी आणि भुकटी कोरड्या कापडाने पुसून टाकावी. घासणे एकसारखे झाले नाही, तर रंग डागाडागांनी बसतो. गुळगुळीत बाजूवर पर्मनंट मार्कर चालतात. अॅक्रिलिक रंग वापरायचा असल्यास तो पातळ थरात द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा, कारण जाड थर शीटबरोबर आकसू शकत नाही आणि त्याला भेगा पडतात. मेणाचे खडू आणि ऑइल पेस्टल टाळावेत. ते ओव्हनमध्ये वितळून पसरतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रंग फिका ठेवणे. मोठ्या क्षेत्रावर पसरलेला तेवढाच रंग पाचव्या-सहाव्या हिश्श्याच्या जागेत गोळा होतो, त्यामुळे फिकट गुलाबी गडद राणी होतो आणि गडद निळा जवळजवळ काळा दिसू लागतो. वापरणार असलेल्या सर्व पेन्सिलींच्या छटा एका पट्टीवर ओढून ती पट्टी आकसवून घ्यावी. पुढे रंग निवडताना पेन्सिलीकडे न पाहता या पट्टीकडे पाहावे.

प्रिंटरवर छापता येते का?

इंकजेट प्रिंटरवर येते, पण त्यासाठी खास लेप दिलेलीच शीट हवी, आणि संगणकावर चित्राची गडदता निम्म्यावर आणावी. छापल्यावर शाई सुकायला वेळ द्यावा. जून ते सप्टेंबरमध्ये ठाण्याच्या दमट हवेत हा वेळ बराच वाढतो आणि घाईने बोट लागले की चित्र फराटते. घरातल्या किंवा दुकानातल्या लेझर प्रिंटरमध्ये ही शीट घालू नये. त्यातील रोलर इतका तापतो की शीट आतच मऊ होऊन अडकण्याचा धोका असतो. खाइन यांच्या प्रयोगाचे वर्णन वाचून उत्साहाने कोणी तसे करू नये, दुरुस्तीचा खर्च मोठा येतो.

देवनागरी अक्षरे आकसल्यावर वाचता का येत नाहीत?

अक्षरांबरोबर रेषेची जाडीही तेवढ्याच प्रमाणात कमी होते आणि अक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजतात. ‘क्ष’, ‘ङ’, ‘ष्ट’ अशी अक्षरे आणि रफार, अनुस्वार यांना याचा फटका आधी बसतो. तयार वस्तूवर चार मिलिमीटर उंचीचे अक्षर हवे असेल, तर ते सुमारे एक सेंटिमीटर उंच लिहावे आणि शिरोरेषा व अक्षराचा दांडा यांत नेहमीपेक्षा अधिक मोकळीक ठेवावी. पारदर्शक शीटच्या मागून रंगवून पुढून गुळगुळीत चकाकी ठेवायची असल्यास मजकूर उलटा, म्हणजे आरशात दिसतो तसा लिहावा लागतो. कागदावर सरळ लिहून तो कागद पालथा करावा, खिडकीच्या काचेवर ठेवून गिरवावा आणि मग त्यावर शीट ठेवावी, म्हणजे चूक होत नाही.

चित्र कोणते निवडावे? वारली किंवा फ्लेमिंगो करता येतील का?

दोन्ही करता येतात, पण दोन्हींत एकच अडचण आहे, ती बारीक अवयवांची. वारली चित्रांतले हातपाय काडीसारखे असतात. अर्ध्या मिलिमीटरच्या पेनाने काढलेली रेषा आकसल्यावर ०.२ मिलिमीटरची होते आणि हातभर अंतरावरून दिसेनाशी होते. म्हणून वारली आकृतीचे अवयव किमान दीड मिलिमीटर जाड ठेवावेत. पारदर्शक शीटच्या मागच्या बाजूला पांढऱ्या पेंट मार्करने आकृती काढावी, ती आकसवून थंड झाल्यावर त्याच बाजूने गेरूच्या रंगाचे अॅक्रिलिक लावावे. पुढून पाहताना पांढरी आकृती गेरूच्या भिंतीवर रेखल्यासारखी स्वच्छ उठून दिसते. ही कला २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या डहाणू-जव्हार-तलासरी भागातील लोकांची आहे. तेव्हा अशी वस्तू विकताना ती ‘वारली शैलीतील’ आहे एवढेच लिहावे, हे मला योग्य वाटते.

फ्लेमिंगोचे चित्र ठाणे आणि नवी मुंबईत सर्वाधिक मागितले जाते, आणि ज्या ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा व २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तिच्या काठच्या लोकांनी ते मागणे स्वाभाविकच आहे. मात्र पक्ष्याच्या बाह्यरेषेवरून नेमके कापले, तर लांब पाय ओव्हनमध्ये पीळ खातात आणि नंतर चटकन मोडतात. पारदर्शक शीट घेऊन पक्ष्याभोवती अंड्याच्या आकाराची मोकळी जागा ठेवून कापले, तर पाय त्या पारदर्शक भागात सुरक्षित राहतात. नवशिक्यांसाठी याहून सोपा विषय म्हणजे नीलवंत, आपले राज्य फुलपाखरू. त्याचे पंख रुंद आहेत, रंग मुळातच गडद आहेत आणि तुकडा गरम असतानाच दोन्ही पंख किंचित वर उचलता येतात.

कापणे आणि छिद्र पाडणे केव्हा करावे?

दोन्ही कामे तापवण्याच्या आधीच करावीत. साधी धारदार कात्री वापरावी आणि शीट फिरवत कापावे. आतल्या टोकदार कोनात कात्री पुढे गेली, तर तेथून चीर सुरू होते. सर्व कोपरे गोलाकार करावेत, कारण आकसल्यावर कोपरे कडक आणि बोचरे होतात. कागदाच्या साध्या पंचने पडणारे सुमारे सहा मिलिमीटरचे छिद्र आकसून अडीच मिलिमीटरच्या आसपास येते आणि त्यात नेहमीची कडी सहज जाते. छिद्राची कड शीटच्या कडेपासून पाच-सहा मिलिमीटर तरी आत असावी. छिद्र राहून गेलेच, तर बारीक हँड ड्रिलने सावकाश पाडता येते. तापवलेली सुई खुपसू नये.

ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) नसेल तर काय वापरावे?

कन्व्हेक्शनची सोय असलेला मायक्रोवेव्ह चालतो, पण तो कन्व्हेक्शनवरच लावावा. नुसत्या मायक्रोवेव्ह लहरींनी हे प्लास्टिक तापत नाही. क्राफ्टची हीट गन चालते, परंतु तिची उष्णता एका जागी पडते, म्हणून ती सतत फिरवत राहावी लागते आणि मोठा तुकडा सपाट येत नाही. केस वाळवायचा ड्रायर पुरेसा तापत नाही. एअर फ्रायरमधला वारा हलके तुकडे उडवून तापलेल्या कॉइलवर नेऊ शकतो, म्हणून तो टाळावा. गॅसच्या ज्योतीवर चिमट्यात धरून आकसवण्याचा प्रकार काही ठिकाणी दाखवला जातो. पॉलिस्टायरीन पेट घेते आणि काळा काजळीयुक्त धूर सोडत जळते, म्हणून तसे मुळीच करू नये.

ओव्हनमध्ये नेमके काय आणि कसे करावे?

ओव्हन १५० ते १६५ अंश सेल्सिअसपर्यंत आधी पूर्ण तापू द्यावा. घरगुती ओटीजीचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत अनेकदा मोठी तफावत असते, म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर विकत घेणे हिताचे. ट्रे मधल्या खाचेत ठेवावा. वरच्या तापलेल्या कांडीजवळ तुकडा गेला, तर तो वळताना तिला चिकटू शकतो. ट्रेवर सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर घालावा. बाजारात मिळणारा प्रत्येक बटर पेपर तसा नसतो. तुकड्यावर कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडरचा अगदी हलका हात फिरवल्यास तो स्वतःला चिकटत नाही. खरखरीत बाजूवर पेन्सिलीने रंगवले असल्यास ती बाजू वर ठेवावी आणि तुकड्यांमध्ये मोकळी जागा सोडावी.

आत गेल्यावर थोड्याच वेळात तुकडा भाजत्या पापडासारखा वळू लागतो. येथेच नवशिके घाबरतात आणि दार उघडतात. दार उघडले की तापमान घसरते आणि अर्धवट आकसलेला तुकडा वाकडाच राहतो. दार बंद ठेवून काचेतून पाहत राहावे. एक ते तीन मिनिटांत तो स्वतःच पुन्हा सपाट होतो आणि सपाट झाल्यानंतर आणखी सुमारे अर्धा मिनिट आत ठेवावा. बाहेर काढताच त्यावर बेकिंग पेपर ठेवून एखादी सपाट फरशी किंवा जाड तळाचे भांडे दाबून धरावे. ही संधी काही सेकंदांचीच असते.

दोन कडा एकमेकींना चिकटल्या, तर ओढाताण करू नये. तुकडा बाहेर काढून थोडा निवू द्यावा, लाकडी काडीने अलगद सोडवावा आणि पुन्हा आत ठेवावा. वळणदार अंगठी किंवा कानातले हवे असल्यास सुती हातमोजे घालून तुकडा लगेच लाटण्यावर किंवा मार्करच्या नळीवर बेकिंग पेपर गुंडाळून त्यावर वाकवावा. आकार बिघडला, तर पुन्हा तापवून सपाट करता येतो.

धूर किंवा वास आरोग्याला घातक आहे का?

योग्य तापमानाला किंचित वास येतो, धूर येत नाही. धूर दिसला, तर तापमान जास्त आहे किंवा तुकडा कांडीला लागला आहे, असे समजून ओव्हन बंद करावा. जास्त तापल्यावर पॉलिस्टायरीनमधून स्टायरीनची वाफ निघते आणि ती डोळ्यांना व घशाला त्रासदायक असते. आपल्याकडच्या वन-बीएचकेमध्ये ओटीजी बहुधा स्वयंपाकघराच्या ओट्यावर असतो. अशा वेळी खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट पंखा चालू ठेवूनच काम करावे. त्याच ओव्हनमध्ये अन्न शिजवायचे असेल, तर क्राफ्टसाठी ट्रे वेगळा ठेवावा आणि काम संपल्यावर ओव्हन दार उघडून पूर्ण निवू द्यावा. मी स्वतः या कामासाठी जुना छोटा ओटीजी वेगळा ठेवण्याच्या बाजूची आहे.

मुलांना करू द्यावे का?

चित्र काढणे, रंगवणे, कापणे आणि काचेतून पाहणे ही कामे मुलांची, ओव्हनमध्ये ठेवणे, बाहेर काढणे आणि दाबणे ही मोठ्यांची. तीन वर्षांखालील मूल घरात असेल, तर तयार वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. त्या छोट्या, कडक आणि तोंडात जाण्याजोग्या असतात.

रंग टिकावा म्हणून वर काय लावावे? कोणता गोंद चालतो?

पाण्यात मिसळणाऱ्या अॅक्रिलिक वॉर्निशचे दोन पातळ थर पुरेसे आहेत, मात्र मार्करवर आधी एका तुकड्यावर चाचणी घ्यावी, कारण काही मार्कर ब्रश लागताच पसरतात. नेलपॉलिश, नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर यांपासून वस्तू दूर ठेवावी. त्यांतील अॅसिटोन आणि तत्सम द्रावके पॉलिस्टायरीन विरघळवतात. संत्र्याच्या सालीतील तेलही तेच करते, त्यामुळे कानातले घालून संत्री सोलण्यात धोका नसला, तरी त्याच हाताने कानातले पुसू नये. झटपट चिकटणाऱ्या सायनोअॅक्रिलेट गोंदाने पारदर्शक तुकड्यावर पांढरी झाक येते. पिन किंवा चुंबक चिकटवायला दोन भागांचा इपॉक्सी अधिक चांगला. वस्तू सतत उन्हात राहिली, तर प्लास्टिक पिवळे पडते, म्हणून गॅलरीतल्या नावाच्या पाटीसाठी हे माध्यम निवडू नये.

कानातले जड होतात का?

नाही. पॉलिस्टायरीनची घनता पाण्यापेक्षा जेमतेम अधिक असते. तीन सेंटिमीटर लांब-रुंद आणि पावणेदोन मिलिमीटर जाड तुकड्याचे वजन दीड-पावणेदोन ग्रॅम भरते. कानाला त्रास होतो तो बहुधा हुकातील निकेलमुळे, म्हणून हुक निकेलमुक्त घ्यावेत.

कापून उरलेल्या तुकड्यांचे काय करावे?

मोठे तुकडे रंगाच्या आणि मापाच्या चाचण्यांसाठी जपून ठेवावेत. अगदी लहान तुकडे पंचने गोल पाडून आकसवले की हारात ओवायला टिकल्या मिळतात, फक्त त्यांना दोरा जाईल एवढे छिद्र आधी पाडावे लागते. त्याहूनही बारीक चुरा सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकावा आणि तो जाळू नये. शीटवर चित्रे मांडण्यापूर्वी तेवढ्याच मापाच्या जुन्या वर्तमानपत्रावर ती कापून मांडून पाहिली, तर उरणारा चुरा पुष्कळच कमी होतो. मधल्या मोकळ्या त्रिकोणी जागांत फराळाच्या डब्यांना बांधायच्या छोट्या चिठ्ठ्या बसवता येतात.